कॅबिनेटमधल्या अक्षता

मंडळी, माझ्या जुन्या पीसीने आज वजन उतरवलं.

भलंमोठं कॅबिनेट काढून आतलं सगळं छोट्या कॅबिनेटमध्ये बसवायचं होतं, म्हणजे टेबलावर आईच्या शिलाई मशीनला जागा झाली असती. बजेट बेताचं, म्हणून सकाळी एमजी रोडवरून छोटं कॅबिनेट आणि पीसीचा वेग वाढवायला एसएसडी, एवढंच आणलं. बाकी सगळं जुनंच.

धाकधूक एकच होती. बरेच महिने पीसी चालू केला की आतून खडखड यायची. पॉवर सप्लायचा पंखा गेला असणार, आणि नवा पॉवर सप्लाय घ्यायचा तर एसएसडी परत करावी लागणार.

पॉवर सप्लाय काढून उलटा केला, तर आतून तांदूळ पडले. कुंकवाने लाल झालेले.

"आई, या अक्षता आहेत."

"मग? दर दसऱ्याला टाकते की तुझ्या कॉम्प्युटरवर."

"अगं, वरच्या जाळीतून आत गेल्यात."

"अरे, पूजेत अक्षता डोक्यावरच टाकतात. पायांवर टाकू का?"

सगळं साफ करून नव्या घरात बसवलं आणि बटण दाबलं. इतकं शांत, की आईने विचारलं, "झाला का चालू?"

झाला म्हटल्यावर ती कुंकू-अक्षता घेऊनच आली. नव्या कॅबिनेटलाही वर जाळीच आहे. मी घाईघाईने त्यावर दोन्ही हात पसरले. तिने अक्षता माझ्याच डोक्यावर टाकल्या.

तुमचाही पीसी खडखडत असेल, तर नवा पार्ट घेण्याआधी घरात विचारून बघा, दसऱ्याला अक्षता नेमक्या कुठे टाकल्या होत्या?