ताकाचा रंग, लोण्याचा रंग

उमरग्याच्या पार्वतम्माला काळजी करायला कारण लागत नसे. पण निजामाच्या अमदानीतल्या त्या माघात कारण खरंच होतं. थोरली शिवगंगा तीनदा दाखवून झाली होती आणि सोमवारी आळंदचं चौथं स्थळ यायचं होतं. मुलाचे वडील कचेरीत कारकून. असल्या माणसांना आधी भिंत दिसते, मग पोरगी, असं पार्वतम्मानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

भिंती पोतारणारी जगदेवी दोन गाडग्यांत दोन ठिकाणची पांढरी माती कालवून घेऊन आली. बैठकीच्या खोलीत तिनं शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले. वाळल्यावर एक ताकासारखा दिसला, दुसरा लोण्यासारखा.

"दोनी एकच की," दुकानाला निघालेला पार्वतम्माचा नवरा, वीरप्पा, म्हणाला.

"दुकानात ज्वारीच्या सहा जाती सांगता, तवा बरा फरक दिसतो तुम्हाला."

मग पार्वतम्मानं शिवगंगेला एकेका पट्ट्यापुढं उभं केलं, मान वळवायला लावली, पुन्हा उभं केलं.

"अव्वा, लग्न माझं करायचंय का भिंतीचं?"

"गप उभी ऱ्हा."

ताकाचा रंग ठरला. शनिवारी खोली पोतारून झाली. रविवारी सकाळी उन्हाची तिरीप आत आली आणि भिंत तिला आजारी माणसाच्या तोंडासारखी वाटली. तिनं जगदेवीला तसंच बोलावून आणलं. "वरून लोण्याचा दे."

"डिंक रातभर भिजाय लागतो, अम्मा. बिनडिंकाची माती अंगाला लागती."

"भिंतीला कोण अंग घासतंय?"

सोमवारी पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी लोड बाजूला सारला आणि काळ्या शेरवानीनिशी ऐसपैस भिंतीला टेकून बसले. पार्वतम्माच्या तोंडचं पाणी पळालं. चहा झाला, प्रश्न झाले, ते उठले, आणि निम्मी भिंत त्यांच्या पाठीवर उठून आली. वीरप्पा पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"बाबा, पाणी नगं," खाली मान घालून बसलेली शिवगंगा उठली. "ओली झाली की सुतात बसंल. काका, जरा तिकडं तोंड करा."

कोरडं फडकं घेऊन तिनं वरून खाली अशी झटकायला सुरुवात केली. दाखवायला बसवलेली पोरगी होणाऱ्या सासऱ्याची पाठ बडवत होती आणि पार्वतम्मा भुईत शिरायला जागा शोधत होती.

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसत होती. "वीस वर्षं झाली, मला हात लावू देत न्हाईत शेरवानीला. आज बघा कसे गरीब गायीवानी उभे ऱ्हायलेत."

"पोरगी हुशार आहे," कारकून पाठमोरेच म्हणाले. "आमच्याकडून पसंत."

"पण लग्न आमच्या दारात," मुलाची आई म्हणाली. "हितं केलं तर समदं वऱ्हाड पांढरं होऊन निघंल."

आठ दिवसांत पहिल्यांदाच पार्वतम्मा खळखळून हसली. मग वऱ्हाडात किती माणसं असतील, याची काळजी तिनं तिथंच सुरू केली.