हातभर जास्तीचं पाणी

दोन पावसाळ्यांपूर्वी वैनगंगा आमच्या घरात शिरली, तेव्हा बाबांना खाटेसकट बाहेर काढावं लागलं. लकव्यानं त्यांचे पाय गेलेत. जिवंत बाप चौघांच्या खांद्यावर पाहावा लागला. बाबा माझा हात घट्ट धरून होते. वर एक खोली बांधायची आणि पावसाळ्याआधी त्यांना तिथं हलवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

यंदा गृहकर्जाचा अर्ज टाकला. बँकेचा माणूस घर पाहायला येणार म्हटल्यावर मला चैन पडेना. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे बँकांनाही कळलंय. नदीकाठचं घर म्हटलं की त्या नाक मुरडतात. विमा कंपन्या तर पुराचं नाव काढताच हात वर करतात. आमच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पुराची मातकट रेघ होती. आदल्या दिवशी तिच्यावर चुन्याचे दोन हात मारले. खोटं बोलणार नव्हतो. कोणी विचारलं नाही तर सांगणार नव्हतो, एवढंच.

तो माणूस आला, टेप लावला, फोटो काढले. मी चहाचं पाहायला आत वळलो, तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"साहेब, पानी इथवर होतं जी!" पडल्या पडल्या त्यांनी हात उंच केला होता. "खिडकी बुडाली होती!"

मी धावत आलो. तो लिहून घेत होता.

तो गेल्यावर मी बाबांवर ओरडलो. "काहून सांगतलं तुमी? अन् खिडकी कवा बुडाली?"

"कायले चिडून राहिला?" बाबा खुशीत होते. "पंचनाम्यात कमी सांगतलं का मदत कमी भेटते. म्या हातभर वाढवूनच सांगतलं."

टेप घेऊन घरात शिरलेला माणूस पंचनाम्यालाच येतो, एवढंच त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. त्यांना आधी सांगून ठेवायला काय झालं होतं मला?

विमा असल्याशिवाय कर्ज नाही, असं बँकेनं कळवलं. आणि पुराचा विमा कोणी उतरवेना. बाबा रोज विचारत, "साहेबाचं काही आलं का?" मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेई.

मृग लागला. खोलीसाठी हौसेनं आधीच आणून टाकलेल्या विटा अंगणात पडून होत्या. काल त्या आत आणल्या आणि खाटेच्या पायांखाली रचायला लागलो. खाट हातभर वर आली.

बाबांनी मान वळवून विटांकडे पाहिलं.

"मंजूर नाही झालं ना?"

"नाही."

"माह्या सांगण्यानं?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "पाहा बरं, खाट हलते का?"

त्यांनी पुरात धरला होता तसा माझा हात धरला.