दाराबाहेरचे बूट

ओल्या चामड्याचा वास आला की मला केनियातलं ते पत्र्याचं चर्च आठवतं. चाकणच्या कंपनीतून पंधरा दिवसांची रजा काढून मी आमच्या चर्चच्या गटाबरोबर तिथल्या शाळेचे बाक वेल्डिंग करायला गेलो होतो. रविवारी उपासनेला गेलो आणि पिंपरीतल्या सवयीने सेफ्टी शूज दाराबाहेर काढले. बाकी सगळे मात्र बूट घालूनच आत बसले होते. बाहेर येऊन बघतो तर बूट गायब! "एवढ्या लांब सेवा करायला आलो आणि बूटच ढापले की राव," मी गटातल्या कासारवाडीच्या मित्राजवळ कुरकुरलो. उद्या वेल्डिंग काय अनवाणी करायचं? तेवढ्यात चर्चमागून एक म्हातारी माझे बूट घेऊन आली, धुऊन अगदी लख्ख केलेले. आमच्या पाळकसाहेबांनी तिथल्या लोकांना विचारून मला सांगितलं, "अरे, तू बाहेर काढून ठेवलेस, तिला वाटलं पाहुण्याला धुऊन हवेत." मी खाली मान घातली, मित्र पोट धरून हसला. पुढच्या रविवारी दाराबाहेर तिथल्या लोकांच्या बुटांचे वीसेक जोड रांगेत मांडलेले होते आणि म्हातारी गालातल्या गालात हसत माझ्याकडे बघत होती. मी चर्चमागची बादली उचलली आणि एकेक जोड धुवायला बसलो. तिकडे काय सेवा केलीस, असं आजही कुणी विचारलं, तर बाकांच्या आधी माझ्या तोंडी त्या जोडांचंच नाव येतं.