लॉजची किल्ली

लेक परगावी हॉटेलात उतरली की तिथल्या साबणाच्या लहान वड्या मला आणून देते. काल एक वडी फोडली आणि त्या वासाने जालन्याचं लॉज आठवलं. तिथल्या काउंटरवर असाच साबण होता. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. धाकट्याचा कान फुटला होता, डॉक्टर सकाळी भेटणार होते आणि घनसावंगीची शेवटची गाडी निघून गेली होती. आम्ही बौद्ध, कळलं की खोली मिळत नसे. म्हणून नवऱ्याने वहीत भलतंच आडनाव लिहिलं. मॅनेजरने किल्ली काढली, तेवढ्यात चार वर्षांच्या लेकीने हात जोडले, "जयभीम, काका!" मोठं माणूस दिसलं की असं म्हणायचं, हे आम्हीच शिकवलेलं. मॅनेजरने किल्ली परत खिळ्याला अडकवली. "खोली न्हाई, बाई." बाहेर येताच नवऱ्याने तिच्यावर हात उगारला, तो मी धरला. "खोटं तुम्ही लिहिलं. मंग मार तिला कशापायी?" रात्र स्टँडवर काढली, सकाळी कान दाखवला, पुढे बराही झाला. काल लेकीला विचारलं, "हॉटेलात गेल्यावर काउंटरवर काय म्हणतीस गं?" "तेच, आई." "अन् किल्ली?" "देतात की."