पासलीचे वीस गुंठे आणि एक सही

भोरला कचेरीच्या वाटेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनींचे सातबारे छापून देतोय. कुणाचं रान कुठं, कुणाचा बोजा उतरला, कुणाच्या हिश्शाला किती नावं, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. साहजिकच जमिनीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज झाला. त्यात मोबाईलवर जमिनीत पैसे कसे गुंतवावेत याचे व्हिडिओ बघायला लागलो. आठवडाभर मी बायकोला इतकं ज्ञान पाजलं की शेवटी ती म्हणाली, एकदाची घ्या जमीन आणि मला झोपू द्या.

म्हणून पासलीला वीस गुंठे बघितले. उताराला भाताची खाचरं, बांधावर एक उंबर, आणि गाडी थेट उंबरापर्यंत जाते. मालक सत्तरीचे, मोजकं बोलणारे. त्यांना सगळे बाबा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पुढंमागं रस्ता रुंद होईल, शहरातली माणसं येतील, भाव चढेल, असे मनसुबे मी त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पीत रचत होतो. विसारपावतीला वकील कशाला, म्हणून ती मीच दुकानात टाईप केली. एक जुनी पावती घेतली आणि नावं बदलली. ‘दिवाळीपर्यंत दस्त न झाल्यास विसार बुडाला’ हे वाक्य मात्र तसंच राहिलं. ते मला दिसलं सह्या झाल्यावर.

मग दिसला सातबारा. म्हणजे आधी पाहिला होता, पण सवयीनं, छपाई फिकट नाही ना एवढंच. बाबांच्या नावाखाली त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. तिची सही नाही तर दस्त नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तिला पालीला दिलीय, करंल की सही, तुमीच जाऊन या.

पालीत राजगडाच्या पायथ्याला या बहिणीची, म्हणजे मावशींची, लहानशी खानावळ होती. गड उतरून आलेली पोरं पिठलं-भाकरी हाणत होती. मी फाईल काढली, तर मावशी म्हणाल्या, आधी जेव. जेवलो. पुन्हा फाईल काढली. तेव्हा कळलं की वडील गेल्यापासून भावानं त्यांना माहेरी नेलं नव्हतं. ना दिवाळीला, ना जत्रेला. मुराळी म्हणून घरातलं एखादं पोरसुद्धा धाडलं नव्हतं. भाऊ न्यायला आला की माहेरी जाईन, आणि माहेरी गेले की सही करीन, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी म्हणालो, त्यात काय, मीच नेतो गाडीवरून. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं दुसरी भाकरी मागितली.

बाबांचं उत्तर ठरलेलं. तिला कुणी आडवलंय, तिचंच घर हाय. पासलीहून पालीला आणि पालीहून पासलीला मी तीन रविवार निरोप वाहिले. जमिनीच्या एकाही व्हिडिओत बहिणीचा विषय नव्हता. दिवाळी तोंडावर आली, विसार बुडायच्या बेतात आला, आणि माझा तोल सुटला. मावशींना सुनावलं, की माझ्या बहिणीनं आंबवड्याच्या आमच्या जमिनीवरचा हक्क एका शब्दात सोडला, सहीला एवढे आढेवेढे नाही घेतले.

मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बसून सही केली तिनं, का उब्यानं?”

आक्काला, माझ्या बहिणीला, मी फोन करून भोरला बोलावलं होतं. दुकानात गर्दी होती. काउंटरच्या पलीकडं उभी राहून तिनं कागदांवर सह्या केल्या, मी बोट ठेवीन तिथं. मग कचेरीत फोटो, अंगठा, आणि तिथूनच मी तिला एसटीत बसवून दिलं. आंबवड्याचं आमचं घर अर्ध्या तासावर. घरी चल, असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. तलाठ्याकडं जायचंय सांगून बाबांना गाडीवर बसवलं. वेल्हं मागं पडलं तसं ते मागून विचारू लागले, की तलाठी इकडं कुठं. मी वाऱ्यामुळं ऐकू येत नसल्याचं नाटक केलं. पालीत मावशींच्या दारात उतरवल्यावर त्यांना पळायला वाव नव्हता.

“चल,” बाबा शेवटी म्हणाले. “न्यायला आलोय.”

मावशींनी तवा उतरवला. गिऱ्हाइकांना शेजारच्या खानावळीत धाडलं, टेम्पो बोलावला, भावाला शेजारी बसवलं आणि निघाल्या. त्यांच्यामागं धूळ खात मी, गळ्यात फाईल अडकवून. माहेरी त्या चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी कचेरीत आल्यावर त्यांनी आधी खुर्ची मागून घेतली, पदर सारखा केला, सगळा दस्त वाचून घेतला आणि मग सही केली. विसार वाचला, वीस गुंठे माझे झाले. बायकोला पेढे दिले, ज्ञान दिलं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी आक्काकडं नसरापूरला गेलो. फोन केला नव्हता. ती ओट्याशी चकल्या पाडत होती. मला दारात बघून तिचा चेहरा उजळला, मग तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. पिशवी दुकानाची होती, कागद भरून देतो तसली. आत साडी होती, पण ते तिला कसं कळणार? तिनं हात पुसले, पुढं आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “कुठं करायची सही?”

घरी जायला निघेपर्यंत मला तिच्याकडं धड बघवलं नाही.