डब्यातल्या फोनचा बॅकअप

अन्याय माझ्या मंदामावशीवर झाला. होळीच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नोएडातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावर. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्ही नेमकं हेच विसराल.

मी चमत्कार-बिमत्कार मानत नाही. दिल्लीत मयूर विहारच्या मेट्रोखाली बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटत मोठा झालोय.

त्या दिवशी मजल्यावर धूर झाला आणि मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप. मोबाइल गेटवर जमा करायचा नियम. मावशीने तो जेवणाच्या पिशवीतून आत नेला होता. तिने त्या कुलपाचा व्हिडिओ काढला. मग रेटारेटीत तिची दोन बोटं दाराच्या जाळीत चिरडली. मॅनेजर म्हणाला, दार उघडंच होतं. फोन काढून घेतला, संध्याकाळी परत दिला तो कोरा करून. आणि नियम मोडला म्हणून मावशीला कामावरून काढलं.

बॅकअप नव्हता. तो मीच बंद केला होता. ‘आपला डेटा कंपन्यांच्या हवाली करू नका’ – माझंच पत्रक. मजल्यावरच्या सगळ्या बायकांच्या फोनचं सेटिंग मी एकेक करून बदललं होतं.

“अच्छा केलंस,” मावशी म्हणाली. “कंपनीला दिला नाहीस, मलाही ठेवला नाहीस.”

शुक्रवारी तो जुना फोन पुरता मेला. मी बॅटरी काढली आणि फोन-बॅटरी दोन्ही एका स्टीलच्या डब्यात ठेवली. पुढच्या बुधवारी सेकंडहँड फोन आणून मावशीचं अकाउंट टाकलं. स्क्रीनवर आलं – जुन्या फोनचा बॅकअप उपलब्ध. काल, मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं.

काल तर डबा माझ्या टेबलावर होता...

रिस्टोअर केलं. एकच व्हिडिओ. तेच दार, तेच कुलूप.

“बाजूचा कागद बघ रे,” मावशी म्हणाली.

दाराशेजारी शिफ्टची यादी. या आठवड्याची. मावशीच्या नावावर काट मारलेली.

“हे मी नाही काढलेलं.” मग बराच वेळ ती हाताचं बँडेज चाचपत बसली.

मावशीच्या नोकरीची केस बघणारे आमचे वकील म्हणाले, “भाई, फोन बंद था तो वीडियो बनाया किसने? सुनवाई में हँसेंगे सब.”

बरोबर आहे त्यांचं. पासवर्ड बदलला, अकाउंटला या फोनशिवाय आणखी कुठला जोडलाय का तेही तपासलं – नाही. तरी रोज चार-दहाला नवा बॅकअप येतो. मी डबा उघडून बघतो, बॅटरी वेगळीच पडलेली असते. का, कसं – ठाऊक नाही. कुलूप कालही होतं, एवढं ठाऊक आहे. आणि आत बायका शिवत बसल्यात.

माझा व्हिडिओ कुणी मानणार नाही. म्हणून तुम्ही. नोएडात शिफ्टला जात असाल, तर उद्या मागचं दार ढकलून बघा. उघडलं, तर मला खुशाल भोंदू म्हणा. नाही उघडलं, तर फोटो काढा – आणि गेटवर पोहोचायच्या आत ओळखीच्या कुणाही दोघांना पाठवा.