पहिला घास बाल्डोचा

आमच्या बेटावरच्या उमाटक गावात कुणाच्या हातातून पेला निसटला की सगळे गप्प होतात, आणि मग कुणीतरी मुद्दाम मोठ्याने हसतं. बोदिग घरात शिरला की काय, हे तोवर ज्याने त्याने मनात विचारून घेतलेलं असतं. बोदिग झालेला माणूस ताठत जातो, मंदावतो, आणि पुढे पुढे घरच्यांनाही ओळखेनासा होतो. आमच्या घरात आधी माझा मेहुणा बाल्डो त्याने गेला. त्याची बायको रुफिना, माझी थोरली बहीण, तिच्याबद्दल सांगते.

फदांगच्या पिठाला रुफिनाचाच हात लागावा असं गावात म्हणायचे. फदांगच्या झाडाच्या बिया विषारी, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या फोडून पाण्यात भिजत घालायच्या, पाणी फेकायचं, नवं घालायचं, पुन्हा फेकायचं. शेवटचं पाणी कोंबडीला पाजायचं. कोंबडी तुरुतुरु चालत राहिली की बिया वाळवून दळायच्या आणि तितियास भाजायच्या. रुफिनाची तितियास भाकरीसारखी गोल आणि इतकी मऊ, की दात नसलेल्या म्हाताऱ्या तिच्या दारात येऊन बसायच्या.

मग लढाई आली. जपानी शिपायांनी तांदूळ नेला, डुकरं नेली, कोंबड्यासुद्धा नेल्या मेल्यांनी. आम्ही रानातल्या खोपटात राहत होतो आणि पोरं भुकेने कळवळत होती. पाणी बदलत बसायला सवड कुणाला होती? रुफिनाने बिया अर्ध्यामुर्ध्या धुतल्या आणि दळल्या. पहिली तितियास तव्यावरून उतरली, पण तिचा हात काही पोरांकडे जाईना. तेव्हा बाल्डो पुढे सरकला आणि म्हणाला, "कोंबडी नाही ना आपल्याकडे? मग मीच कोंबडी."

त्याने ती खाल्ली आणि पोटावर हात ठेवून बसून राहिला. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने त्याने मान पुढेमागे केली आणि म्हणाला, "कॉक, कॉक." म्हणजे आता पोरांनी खायला हरकत नाही. पोरं हसून हसून लोळली. लढाई संपेपर्यंत रोज हाच खेळ चालायचा. पहिला घास बाल्डोचा, मग पोरांचा.

पुढे सगळं सुरळीत झालं. मुलगा अमेरिकेच्या आरमारात गेला, मुलगी इनेस लग्न होऊन शेजारीच राहिली. बाल्डो म्हातारा झाला तरी रोज जाळं घेऊन खाडीवर जायचा. एक दिवस त्याने जाळं फेकायला हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. खाडीवरच्या पोरांनी धरून घरी आणला.

डॉक्टर तर आमच्याकडे पायलीला पन्नास. येतात, रक्त काढून नेतात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत. कुणी म्हणे रक्तातच आहे, कुणी म्हणे पाण्यात आहे, कुणी म्हणे फदांगमुळे होतं. रुफिनाच्या कानात तेवढं फदांगच राहिलं. तिने जातं उचलून परसात नेऊन टाकलं. मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, ताई, अख्ख्या गावाने खाल्लंय, मी खाल्लंय, मला कुठे काय झालंय?

ती म्हणाली, "माझ्या पोरांनीही खाल्लंय, कोन्सो."

जातं परत आत आणायचं मी सोडून दिलं.

बाल्डोची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. एका दुपारी ती त्याचं अंग पुसत असताना तो एकेक शब्द ओढत बोलला. "मी गेलो की माझा मेंदू बघू दे त्या डॉक्टरांना. तुझ्या जिवाला एकदाचं कळेल. पण पिठाचं नाव निघालं तर पोरांना सांगायचं नाही." मी चिडले. देवासमोर माणूस अख्खा जायला नको? पण तो गेला तेव्हा रुफिनाने त्याचा शब्द पाळला, मेंदू डॉक्टरांना नेऊ दिला. रोज संध्याकाळी जपमाळेला गाव जमायचं, जेवून जायचं. शवपेटी का बंद ठेवली, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्यातला एक डॉक्टर आला, हॉलिस नावाचा. आमच्या रीतीप्रमाणे मोठ्यांचा मान म्हणून त्याने रुफिनाचा हात नाकाला लावला. मग पिशवीतून बाल्डोच्या मेंदूचे फोटो काढले. शरीराच्या प्रत्येक पेशीत अ‍ॅक्टिन नावाचं धाग्यासारखं प्रथिन असतं म्हणे, पेशी त्याच्या आधारावर उभी राहते, हलते. बाल्डोच्या मेंदूत ते धागे एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या झाल्या होत्या. फोटोत गुलाबी कांड्या दिसत होत्या. घराचे वासे सुटून आतच ढीग व्हावा तशा.

रुफिनाने फोटोवर बोट ठेवलं. "या माझ्या पिठाने झाल्या का?"

तो म्हणाला, "माहीत नाही, आजी. कांड्या दिसतात. कशाने झाल्या ते अजून कुणालाच सांगता येत नाही."

"आणि माझ्या पोरांच्या डोक्यात?"

"तेही नाही सांगता येत."

माझं डोकं सणकलं. एवढ्यासाठी आमचा माणूस उघडलात? रुफिनाने मला गप्प केलं आणि त्याला जेवायला वाढलं. त्या दिवसापासून ती इनेसच्या हातांकडे बघत राहायची. सुईत दोरा ओवताना, मासळी चिरताना, पोरीची वेणी घालताना.

मग बोदिगने तिलाच धरलं. आधी पाय गेले, मग आम्ही गेलो, म्हणजे आमची नावं तिच्यातून पुसली गेली. हल्ली ती दात घट्ट मिटून घेते, खातच नाही. परवा मी पेजेचा चमचा घेऊन समोर बसले, इनेस आणि तिची पोरं बाजूला होती. रुफिनाने माझ्याकडे बघितलं, पण तिला मी दिसले नाही.

"तू नको, बाल्डो," ती म्हणाली. "आज आधी मी."

आणि तिने तोंड उघडलं. मी पेज भरवली. तिने ती गिळली आणि वाट बघत बसली. इनेसची पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिची ताठलेली मान जरा पुढे आली आणि घशातून अगदी बारीक आवाज निघाला, "कॉक."

इनेस हसली, डोळे भरून हसली. म्हणाली, "मावशी, बघ ना, आईला अजून बाबांचा खेळ आठवतो." पोरांना तिने तो खेळ सांगितला, आणि उरलेली पेज त्यांना वाटून द्यायला वाडगा उचलला.

मी इनेसच्या वाडगा धरलेल्या हाताकडे बघत होते. रुफिनाचं ते काम आता माझ्याकडे आलंय.